शिळ्या भाताची सोयरीक

माझ्या लग्नासाठी आमच्या वडिलांनी घर बघितलं नाही, चायनीज हॉटेल बघितलं. तेव्हा अख्ख्या औरंगाबादेत असली हॉटेलं बोटावर मोजण्याइतकी. मी मावशीकडं राहून डी.एड. करत होते, अन् स्थळ मावशीनंच आणलं. मुलगा आपल्यातला, शेतकऱ्याचा. पण चिकलठाण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून औरंगपुऱ्यात चायनीज करत बसलेला. वडील म्हणाले, "म्हंजी आचारीच की!" मला तो चहापोह्यालाच आवडला होता. पण बापापुढं तसं बोलायची काय बिशाद!

आमच्याकडं होकार द्यायच्या आधी मुलीचा बाप मुलाचं घर बघतो. विहिरीला पाणी किती, दावणीला जनावरं किती, कणगीत दाणा किती. हा पठ्ठ्या राहायचा हॉटेलच्याच माळ्यावर. मग वडील हॉटेलच बघायला निघाले, सोबत आई. मुलीनं जायचा रिवाज नव्हता, पण मावशीला नेमका ताप आला अन् रस्ता दाखवायला मी गेले. ही संधी मी सोडते व्हय!

वडिलांनी चपला दारातच काढल्या. भिंतीवरचा ड्रॅगन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बैल रंगवणाऱ्या पेंटरनं काढला होता, त्यामुळं त्याला खूर होते अन् वशिंडही. तेवढं एक वडिलांना पसंत पडलं. मग ते कामाला लागले. पाण्याच्या टाकीत डोकावले, खुर्च्या हलवून बघितल्या, सॉसची बाटली उजेडात धरून बघितली. मुलगा ॲप्रन बांधून मागं मागं, "या मामा, बघा मामा." सासऱ्याला मामा म्हणतात आमच्यात. होकाराचा पत्ता नाही अन् मामा! धीटच म्हणायचा. शेवटी वडील भटारखान्यात शिरले अन् एका पातेल्यावरचं झाकण उचललं.

"हा भात कधीचा?"

मी मनात म्हणलं, बाबा रे, आत्ताचा म्हण. एकदा खोटं बोललास तर काय बिघडतंय?

"कालचा," तो म्हणाला. "फ्राईड राईसला शिळाच लागतो. ताज्याचा लगदा होतो."

झालं! सोयऱ्याला शिळं वाढलं म्हणून आमच्या भावकीत एक लग्न मोडलेलं होतं. वडिलांचा आवाज पार रस्त्यावर गेला. "लोकायला शिळा भात घालता? वर पैसे घेता? असल्या घरात पोरगी देऊ व्हय मी? चला, निघा!"

मला रडूच फुटायचं राहिलं होतं. तो मात्र जागचा हलला नाही. "मामा, पाच मिनिटं बसा. मग खुशाल जा." भट्टी भडकली, कढई आदळली, भात हवेत उडून परत कढईत आला. त्यानं चार ताटल्या आणल्या. चौथी स्वतःची. ती घेऊन तो आमच्यातच बसला.

वडिलांनी हात लावला नाही. आईनं लावला. वडिलांच्या आधी आई जेवलेली मी जन्मात बघितली नव्हती. चमचा बाजूला सारून तिनं हातानं घास घेतला, मग दुसरा, मग तिसरा.

"अगं, शिळा आहे तो!" वडील ओरडले.

"माहितेय," आई म्हणाली. "तीस वर्षं तुमच्या घरचं शिळं मीच खाते. भात असो का भाकर. चुलीम्होरं, एकटी. हे पोरगं तर शेजारी बसून खातंय."

घरी मी कायम ताज्या भाकरीला हात घालायचे, अन् आईच्या ताटात काय आहे हे एकदाही बघितलं नव्हतं. लई लाज वाटली मला.

वडिलांनी ताटली पुढं ओढली. दोन घास खाल्ले, घसा खाकरला अन् म्हणाले, "बरं. देतो पोरगी."

"तुम्ही कशाला," आई म्हणाली. "मी दिली."