ओल्या पोत्यावरची सुरमई

चैतातलं ऊन सकाळीच पाठीला चटके द्यायला लागलं होतं. वाशीमच्या मच्छीबाजारात सैफुद्दीननं टबात जित्या मरळी सोडल्या, रोहूचे खवले काढले अन् अकोल्याहून आलेली सुरमईची पेटी उघडली. बापापासून त्याचा धंदा धरणाच्या मच्छीचा. समुद्राची ही लांबोडकी, चकचकीत मच्छी त्यानं अलीकडंच ठेवायला घेतलेली. ती लहान मच्छीमागं बाणासारखी धावते अन् वर्षभरात हातभर वाढते, असं अकोल्याचा व्यापारी सांगायचा.

पण इथल्या गिऱ्हाइकाला वळवळणारी मच्छी बघायची सवय. बर्फ दिसला की नाक मुरडणार. म्हणून सैफुद्दीन सुरमई बर्फातून काढायचा, धुवायचा अन् ओल्या पोत्यावर मांडायचा. वरून पाणी मारत राह्यलं की दिसायला कशी ताजी!

ऊन चढल्यावर बाजारामागच्या गल्लीतली विजयमाला आली.

"सैफूभाई, बर्फातली नको हं. बर्फातली म्हंजे मुडदा."

"हे पाय ना, पोत्यावरची. आताच धरल्यावानी हाय."

"दे मंग. वैष्णवी बाळंतपणाले आली, तिले खाऊ घालाचं हाय."

त्यानं मधले तुकडे तिला दिले. दुसऱ्या कोणी सुरमई घेतली नाही; शेपटीकडचा भाग त्यानं घरी नेला.

दुपारी दोन घास खाल्ले अन् जीभ चरचरली. "तहसीन, मिरे कायले टाकले एवढे?"

"मिरे?" बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं अजून ताट वाढून घेतलं नव्हतं. "अजी, तुमचं तोंड लालभडक झालं!"

कान तापले. छातीत कोणीतरी मुसळानं कुटत होतं. आधी त्याला वाटलं, आपण गेलो. मग वैष्णवी आठवली अन् त्यानं ताट बाजूला सारलं. पोटुशी पोर, अन् तिच्या ताटात हीच मच्छी!

विजयमालाचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. तहसीन अडवत असताना त्यानं मोटारसायकलला किक मारली. रस्ता डोळ्यापुढं हलत होता. या अल्ला, जेवल्या नसू दे.

विजयमालाच्या दारात वैष्णवी पोटावर हात धरून बसली होती. मान, गाल लाल. अंगावर गांधी उठलेल्या. विजयमालानं अजून घास घेतला नव्हता.

"काका, छाती धडधडून राह्यली," ती म्हणाली. "बाळ हालून नाई राह्यलं."

मोटारसायकल तिथंच सोडून त्यानं दोघींना ऑटोत बसवलं. विजयमाला लेकीचं पोट चोळत होती अन् सैफुद्दीन त्या हाताकडं बघत होता. वैष्णवीनं मान टाकली की तो ऑटोवाल्याला घाई करायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मासा कुठे ठेवला होता?"

बर्फात, असं म्हणता आलं असतं. "पोत्यावर," तो म्हणाला. "उन्हात. सकाळपासून."

"समुद्रातला हा मासा तापला की त्यात विषासारखं तयार होतं. मग कितीही शिजवा, जात नाही."

वैष्णवीला सुई दिली. मग पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. सैफुद्दीननं डोळे मिटले. खरखर... खरखर... अन् मग टपटपटप, घोडं उधळल्यासारखं.

"ठोके छान आहेत. हिची लालीही उतरेल संध्याकाळपर्यंत. तुम्ही पण सुई घ्या, काका."

तो भिंतीला टेकून खालीच बसला.

विजयमालानं डोळे पुसले अन् त्याच्यावरच उसळली. "मी म्हनलं बर्फातली नको, अन् तू आयकलं? मच्छी तू इकतं का मी?"

"मीच इकतो, बाई."

"मंग आमच्यावर खेकसत जाय ना! घे म्हना बर्फातली, नाई तं जाय!"

वैष्णवी पडल्या पडल्या कुरकुरली, "माय, भांडू नको. हाललं. लात मारली त्यानं."

संध्याकाळी तिच्या अंगावरची लाली उतरल्यावरच तो उठला. दवाखान्याच्या दाराशी तहसीनचा फोन आला. त्याची अन् वैष्णवीची विचारपूस झाली, ती थोडी रडली, मग नाक ओढून म्हणाली, "दळण गिरणीवरच हाय. येताना घेऊन या."

विजयमालाच्या दारातून मोटारसायकल घेऊन तो गिरणीवर पोचला, तेव्हा गिरणीवाला झाडझूड करत होता. सैफुद्दीननं पिठाचा डबा उचलला, झाकण दाबून पाहिलं अन् मोटारसायकलला मागं दोरीनं बांधायला लागला.