पादरीसाहेबांच्या मळ्यातले अकरा गुंठे

आमच्या घराला दार होतं, कडी नव्हती. दुष्काळात वडील विहिरीतला गाळ उपसत आणि आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई. घर होतं नगरकडच्या माळावर, अमेरिकेहून आलेल्या एका पादरीसाहेबांनी वसवलेल्या मळ्यात. त्यांनी विहीर खणली, बंगला बांधला आणि मागच्या दोन खोल्या माझ्या पणजोबांना दिल्या. साहेब परत गेले, जमीन चर्चच्या ट्रस्टकडे गेली. विहिरीकडची पट्टी आमची माणसं कसत राहिली. पण 'आमची' असं घरात कुणी कधी म्हणालं नाही.

घरातला पहिला बी.कॉम. मी. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. आखातात, फुजैराच्या बंदरावर नोकरीला होतो तेव्हा ट्रस्टची नोटीस आली: मळा विकायचाय, घर रिकामं करा. वडील तेव्हा हयात नव्हते.

आई फोनवर म्हणाली, "त्यांचंच आहे रे ते. मी जाऊ कुठं, तेवढं सांग."

मी ट्रस्टला अर्ज लिहिला. माझा रूममेट रत्नागिरीचा, टायपिंग सेंटरमध्ये दिवसभर लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप करणारा. त्याला दाखवला. त्याने मोठ्याने वाचलं, "साहेबांच्या कृपेने आम्ही चार पिढ्या पाहुणे म्हणून राहत आहोत."

मग म्हणाला, "हा अर्ज आहे की आभारपत्र? पाहुण्याला जा म्हटलं तर तो जातो. खलास."

राग आला, पण खरं होतं. रेशनकार्डापासून माझ्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पत्ता एकच, 'पादरीसाहेबांचा मळा'. नम्रपणाने आम्हीच आम्हाला परकं करून ठेवलेलं.

"तुम्ही कसत होता, हे कुठं लिहिलेलं नाही?" त्याने विचारलं.

मी तेच आईला विचारलं. ती म्हणाली, "कापणीच्या सणाला धान्याची पहिली पाटी चर्चमध्ये नेत होतो. पाळकसाहेब वहीत लिहायचे."

रविवारी तिने वहीचे फोटो पाठवले. पणजोबांपासून वडिलांपर्यंत, वर्षामागून वर्ष: नाव, बाजरी, 'विहिरीची पट्टी, स्वतः कसलेली'.

'पाहुणे' हा शब्द काढून, वहीचे फोटो जोडून मी अर्ज पुन्हा लिहिला. दीड वर्ष गेलं. त्या काळात आईने बोचकं दोनदा बांधलं, दोनदा सोडलं.

बाकीचा मळा विकला गेला, बंगलाही पाडला. घर आणि विहीर धरून अकरा गुंठे ट्रस्टने, वहीतल्या नोंदी मानून आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन, आईच्या नावे करून दिले. सातबाऱ्यावर आता तिचं नाव आहे.