लेट विमानं, भिडस्त पावणं

शिवाजी पेठेत आमचं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. तिकिटं गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र आमच्याकडेच उरतात! विमान लेट झालं की पहिला फोन मला येतो. आधी हसू येतं, मग दिवसभर चुटपुट लागून राहते. चौकात गर्जणारी आमची माणसं, हक्काचं मागायची वेळ आली की यांना भीड पडते.

*

पहिला मान माझ्या पार्टनरचा, दिगंबरचा. फुटबॉलची मॅच असली की याचा आवाज चार गल्ल्या ऐकू जातो. हा टूर घेऊन लंडनला निघाला आणि मुंबईतच विमान लेट. मी फोनवर सांगितलं, "जेवण द्यायला लागतंय त्यांना. माग!"

"काउंटरच हलवतो, बघ!"

थोड्या वेळानं मीच विचारलं, "काय झालं?"

"काउंटरवरची पोरगी 'सॉरी, सर' म्हटली गं."

"मग जेवण?"

"सर म्हटल्यावर कसं मागायचं?"

सगळी टूर उपाशी!

*

इचलकरंजीचे एक शेठ, यंत्रमागवाले. जर्मनीत मशिनरीचं प्रदर्शन बघायचं त्यांच्या फार वर्षांपासून मनात होतं. दुबईपर्यंत एक तिकीट, पुढचं दुसऱ्याच कंपनीचं, असं स्वस्तात जमवलं. मी म्हटलं, "शेठ, एकत्र तिकीट घ्या. पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय त्यांना करावी लागते. असं घेतलंत तर दुसरं विमान थांबत नाही."

"थांबतंय की! आमची मंडळी आल्याबिगर कवा एसटी हललीया?"

व्हायचं तेच झालं. दुबईतून फोन आला, "ताई, त्या विमानाच्या कंडक्टरचा नंबर द्या!"

प्रदर्शन बुडालं. परत आल्यावर शेठ माझ्यासाठी दुबईचा खजूर घेऊन ऑफिसात आले. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

*

शिरोळचे आण्णा, जैन शेतकरी, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्यांची धाकटी बहीण लंडनला शेवटच्या दुखण्यात होती. "आण्णाला बघायचंय" एवढाच तिचा धोशा. भाच्यानं घाईनं दुपारच्या विमानाचं तिकीट काढायला लावलं.

"ताई, विमानात दिवस कवा मावळतोय?"

"पश्चिमेला जाताना लवकर मावळत नाही, आण्णा."

"मग लंडनपतोर जेवतोय की!"

ऑफिसात हशा पिकला. पण विमान लेट झालं, आणि जेवणाचं कूपन हातात पडलं ते दिवस मावळल्यावर. आण्णांनी ते शेजारच्या पावण्याला देऊन टाकलं. मी फोनवर रागावले, "आधीच मागायचं होतंत!"

"काउंटरवरची पोरगी कामात हुती ओ."

*

बहीणभावाची भेट झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. अजून जिवाला लागतं.

त्याच दिवशी मोठ्या विमानाच्या जागी छोटं आलं आणि सीटा कमी पडल्या. अशा वेळी कंपनी आधी विचारते, आपणहून कोण मागं थांबतंय का? गप्प बसायचा हक्क प्रत्येकाला असतो. पण पुकारा झाला तो असा, "व्हॉलंटियर पाहिजेत!"

आणि आण्णा उठले! महापुरात बोटीतून माणसं काढताना त्यांच्या छातीवर व्हॉलंटियरचा बिल्ला होता. त्या शब्दाचा त्यांना तेवढाच अर्थ माहीत.

"मी हाय की!" म्हणत त्यांनी बोर्डिंग पास देऊन टाकला.

मग मला फोन केला. आवाज अगदी खुशीत.

"ताई, समदी बसली बगा. बायाबापड्या, बारकी पोरं, समदी."

"आण्णा, तुम्ही कुठं आहात?"

"हितंच की, दारात. आता शेवटच्या फेरीला मला नेतील न्हवं?"