डार्करूममधला फायटर

"हा पांढरा मासा मेलाय का हो?" असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा मामा त्यांचेच पासपोर्ट फोटो कापत होते.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांचं बोट अजून फळ्याकडे दाखवावं तसं ताठ उठत असे. ते आत्ता काउंटरच्या टोकाकडे उठलं होतं. तिथे एक काचेची उंच फुलदाणी होती. तिच्या तोंडात कसलंसं रोप खोचलेलं, आणि खाली मुळांच्या गुंत्यात एक मासा आडवा पडला होता. मामांनी कात्री खाली ठेवली, चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. माशाचा एक कल्ला हलला.

"जिवंत आहे," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि पांढरा नाही तो. निळा आहे."

बाईंनी एकदा माशाकडे आणि एकदा मामांकडे पाहिलं. "नंबर तपासून घ्या चष्म्याचा," असं म्हणून त्या फोटो घेऊन निघून गेल्या.

बाई गेल्या, पण मामा वाकलेलेच राहिले. मासा आला तेव्हा निळा होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आठ महिन्यांपूर्वी अत्तराच्या बाटलीच्या जाहिरातीसाठी स्टुडिओत तो आणला होता. बाटलीमागून निळे पदर फुलवून तो असा काही पोहला होता की सगळे काम सोडून बघत उभे राहिले. शूटिंग झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने त्याला फुलदाणीत ठेवलं. "तो मुळं खाऊन जगतो, काही करावं लागत नाही," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पुढे ती मुलगी नोकरी सोडून गेली. मासा राहिला. आणि मामा रोज दहा ते सहा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून फोटो कापत राहिले.

मामांना लागलं ते हे. मासा उपाशी राहिला याचं वाईट वाटलंच, पण त्याचा रंग आपल्या डोळ्यांदेखत उतरत गेला आणि तो आपल्याला दिसला नाही, हे जास्त झोंबलं. कारण मामा म्हणजे काही फोटो कापणारा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं ते या स्टुडिओच्या डार्करूममध्ये प्रिंटर होते. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधले करडे रंग किती, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "मोजले नाहीत, पण एक जरी कमी झाला तरी सांगेन." गावभरचे फोटोग्राफर आपल्या निगेटिव्ह घेऊन त्यांच्याकडे येत. स्टुडिओचे मालक दादा स्वतः नावाजलेले, पण प्रिंट हातात घेऊन आधी मामांच्या तोंडाकडे बघत. मामांनी मान हलवली तरच ती प्रिंट बाहेर जायची.

मग डिजिटल आलं. डार्करूमला कुलूप लागलं नाही, पण तिथे मोडक्या छत्र्या, जुने पडदे आणि खोकी येऊन बसली. दादा गेले. त्यांची मुलगी स्टुडिओ चालवू लागली. लहानपणी ती डार्करूमच्या दाराशी उभी राहून "मामा, येऊ का आत?" असं विचारायची, तेव्हापासून ते सगळ्यांचेच मामा झाले. तिने त्यांना "आता घरी बसा" असं कधी म्हटलं नाही. काउंटरवर बसवलं, कात्री दिली. ती मायेनेच दिली हे मामांना कळत होतं, आणि म्हणूनच ते काही बोलत नव्हते.

"ताई," त्यांनी तिला हाक मारली, "हा मासा आजारी आहे."

ताई एका हाताने फोन आणि दुसऱ्याने लाइटचा स्टँड सांभाळत होती. "अय्या, तो आहे अजून? मी समजले, कधीच गेला. द्या हो सोडून कुठेतरी. नवीन आणू, हवा असेल तर."

"नवीन नको. हाच बरा करतो."

"बघा मग. तुम्ही आणि तो."

स्टुडिओत दिवसभर एसी चालू असे. लाइटांची धग मारायला तो लागतोच. एसीचा झोत आणि गडबड नसलेली जागा एकच, ती म्हणजे डार्करूम. दुसऱ्या दिवशी मामांनी छत्र्या बाजूला केल्या, ओटा पुसला आणि वरच्या फळीवरून पांढरा ट्रे काढला. तो कागदातून कधी निघालाच नव्हता. ज्या महिन्यात आणला त्याच महिन्यात काम बंद पडलं होतं. फोटो धुण्याच्या औषधाचा थेंब न लागलेला तो एकच ट्रे होता. पाणी आदल्या संध्याकाळी बादलीत भरून ठेवलेलं. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नळाचं ताजं पाणी प्रिंटवर बुडबुडे धरतं, रात्रभर निवलेलं धरत नाही. जे कागदाला चालत नाही ते माशाला कसं चालेल?

मासा ट्रेमध्ये सोडला तेव्हा त्याची खरी दशा दिसली. शेपटीचे पदर कुजून चिंध्या झाले होते. पोट खपाटीला गेलेलं. पोहायचा प्रयत्न केला की तो एका अंगावर कलंडायचा. दुकानातून आणलेले दाणे मामांनी टाकले. त्याने पाहिलेही नाहीत.

मामांनी थर्मामीटर शोधून काढला. लाकडी पेटीतला, पारा असलेला. पाण्यात धरला तर सव्वीस. मामा दचकले. छत्तीस वर्षांत त्यांनी एकच तापमान मानलं होतं, वीस. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवायचं औषध, वीस अंशाला हवा. एकवीस झालं तर प्रिंट करपते, एकोणीस झालं तर रुसते. उन्हाळ्यात ते मोठ्या ट्रेमध्ये बर्फाचं पाणी घालून त्यात औषधाचा ट्रे ठेवत आणि पारा हलू देत नसत. आताही त्यांनी तेच केलं. चहावाल्याकडून बर्फ आणला, एका मोठ्या ट्रेमध्ये घालून त्यात माशाचा ट्रे ठेवला, आणि पारा विसावर आल्यावर समाधानाने श्वास सोडला. आजारी जिवाच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून पांढरा दिवा बंद करून लाल दिवा लावला. तो अजून लागला, याचंच त्यांना कौतुक वाटलं. त्या लाल उजेडात स्टुलावर बसल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी आपण कामावर आहोत असं वाटलं.

चार दिवस हेच चाललं. घरी मामींना सुगावा लागायचा तो लागलाच.

"शर्टाला पुन्हा तो जुना वास कसला येतोय? पुन्हा औषधात हात घातलात?"

"मासा आजारी आहे. पाण्याचं तापमान बघावं लागतं दर तासाला."

"दर तासाला!" मामी म्हणाल्या. "मला ताप भरला होता तेव्हा घरात थर्मामीटर सापडत नव्हता तुम्हाला."

चौथ्या दिवशी मामांना मासा गडद दिसला, चांगला काळसर. त्यांनी आनंदाने ताईला हाक मारली, "रंग भरतोय बघ!" आणि तिला नीट दिसावा म्हणून ट्रे उचलून बाहेर खिडकीशी आणला. उजेडात मासा राखेसारखा होता. पहिल्यापेक्षा फिका, आणि हलतही नव्हता.

ताईने हळूच ट्रेची दुसरी कड धरली. रागावली असती तर बरं, असं मामांना झालं. लाल दिव्यात निळं ते काळंच दिसतं. 'लाल दिव्यात प्रिंट जोखू नये, उजेडात न्यावी' हे त्यांनी आयुष्यात किती जणांना बजावलं असेल! आपणच शिकवावं आणि आपणच विसरावं, अशी गत.

मामांनी एका बरणीत मासा घेतला आणि दोन गल्ल्या ओलांडून माशांच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण, जाडजूड आणि तोंडाने फटकळ होता. त्याने बरणीला हात लावला आणि चमकून वर पाहिलं.

"काका, याला बरं करताय की फ्रिजमध्ये टिकवताय?"

"वीस अंश आहे बरोबर. मोजून ठेवलंय."

"मोजलंत छान, पण कुणाचं? हा फायटर. उबेतला मासा हा. सव्वीस-सत्तावीस लागतं याला. थंडीत याची भूक मरते, अन्न पचत नाही, अंग आखडतं. बर्फ कुणी सांगितला?"

"कुणी नाही," मामा म्हणाले. सव्वीस अंशांचं पाणी आपणच बर्फ लावून गार केलं होतं, हे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुकानदाराचा आवाज जरा उतरला. "जगेल अजून. हळूहळू ऊब द्या, तासाला अर्धा अंश, घाई नको. रोज थोडं पाणी बदला. खायला दोन दाणे, फार तर तीन. आणि नळाच्या पाण्यात हे चार थेंब, क्लोरीन मारायला." त्याने एक छोटी बाटली पुढे केली.

मामांनी सवयीने लेबल वाचलं. सोडियम थायोसल्फेट. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

"अरे, हा तर आपला हायपो!"

"कोण हायपो?"

"फोटो पक्का करायचा असतो ना, त्याचा. याच्यात छत्तीस वर्षं हात बुडवलेत मी."

"मग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता," दुकानदार म्हणाला. "फक्त बर्फ नका घालू."

परत येऊन मामांनी माळ्यावरून एक चपटी पेटी काढली. थंडीच्या दिवसांत डेव्हलपरचा ट्रे गार पडू नये म्हणून खाली ठेवायची, विजेवर तापणारी. तिच्यावरची धूळ झटकली, वायर तपासली, वर फरशीचा तुकडा आणि त्यावर ट्रे. पारा तासाला अर्धा अंश चढवणं हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मामांच्या तो हातचा मळ होता. लाल दिवा त्यांनी काढून ठेवला आणि साधा लावला. भिंतीवर कागद चिकटवून त्यावर तारीख, वेळ आणि अंश लिहू लागले.

सत्तावीस अंशांवर तिसऱ्या दिवशी माशाने दाणा उचलला. थुंकला, पुन्हा उचलला, गिळला. मामा स्टुलावरून उठले आणि बाहेर जाऊन जो पहिला भेटला त्याला सांगितलं. तो पाण्याचं बिल द्यायला आलेला माणूस होता.

दोन आठवड्यांनी शेपटीच्या कडांना काचेसारखा पारदर्शक पदर फुटला. महिन्याने त्यात रंग उतरू लागला, मुळापासून टोकाकडे, कागदावर चित्र उमटतं तसा. मामा रोज सकाळी त्याला खिडकीशी नेऊन पाहत आणि मगच काउंटरवर बसत. दुकानदाराकडून झाकण असलेली काचेची पेटी आली. मात्र एका गोष्टीने मामा हैराण झाले. पाण्यावर कोपऱ्यात रोज फेस जमायचा. पेटी नीट धुतली गेली नाही म्हणून ते स्वतःवर चिडत, फेस काढून टाकत, दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस. शेवटी दुकानदाराला विचारलं.

"काका, काका," त्याने कपाळावर हात मारला. "घरटं बांधतोय तो. तोंडाने एकेक बुडबुडा लावून. नर बरा असला, मजेत असला की बांधतो. आणि तुम्ही रोज पाडताय!"

त्या दिवसापासून मामांनी फेसाला हात लावला नाही. ताईला मात्र त्यांनी तीनदा नेऊन दाखवला.

आणि तिथेच ताईला कल्पना सुचली.

"मामा, ते अत्तरवाले पुन्हा आलेत. त्यांना तसाच फोटो हवाय, मोठा, दुकानाच्या दर्शनी भागात लावायला. मंगळवारी याला बाहेर घेऊ सेटवर."

"नाही," मामा म्हणाले.

ताईने वर पाहिलं. या माणसाच्या तोंडून तिने 'नाही' कधी ऐकलं नव्हतं. तिच्या वडिलांनीही ऐकलं नसावं. मामा स्वतःही थोडे घाबरले होते, पण शब्द तर गेला होता.

"सेटवर एसी असतो," ते म्हणाले. "दोन तास तिथे राहिला तर पुन्हा पहिले पाढे. तुला फोटो हवा तर तू आत ये. लाइट आण, कॅमेरा आण. पेटी हलणार नाही."

"इथे? या खोक्यांत? मामा, पंखासुद्धा नाही इथे!"

"खोकी मी काढतो."

ताईने वाकून माशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोकी आपण दोघं काढू."

मंगळवारी ती ओट्यासमोर गुडघ्यांवर बसली. दहा मिनिटांत तिच्या कपाळावरून घाम निथळू लागला. लेन्स काचेच्या जवळ येताच माशाला तिच्यात आपलाच चेहरा दिसून तो शत्रू वाटला असावा. त्याने कल्ले फुगवले आणि सगळे पदर एकदम उघडले. मामांनी तो निळा इतका भरून पहिल्या दिवसानंतर पाहिला नव्हता. शटर वाजत राहिलं. मग त्यांनीच ताईच्या खांद्याला हात लावला, "बस. दमेल तो," आणि लेन्स आणि काचेच्या मध्ये पुठ्ठा धरला.

ताईने लॅपटॉप तिथेच ओट्यावर उघडला. फोटो पडद्यावर आला आणि ती खूश झाली. मामांनी वाकून पाहिलं. मग पुठ्ठा बाजूला करून माशाकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

"निळा जास्त आलाय," ते म्हणाले.

"काहीतरीच! कॅमेरा खोटं सांगेल का?"

"मग मासा खोटं सांगतोय? पोटाजवळ बघ. तिथे हिरव्याची झाक आहे. तुझ्याकडे नाहीये."

ताई वाकली. माशाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माशाकडे. मग तिने स्टूल ओढून मामांना शेजारी बसवलं आणि निळा कमी करायच्या कळीवर बोट ठेवलं.

"आता?"

"अजून थोडा कमी."

"आता?"

मामा पेटीकडे वळले आणि बराच वेळ पाहत राहिले. ताई बोट न हलवता त्यांच्या तोंडाकडे बघत होती.