थापा मारायला शिकवणाऱ्या सुलभाताई

सत्कारात मिळालेला नारळ सुलभाताई कधी घरी नेत नसत. शाल खांद्यावर पडते न पडते तोच त्या खाली उतरायच्या, शाळेच्या पायरीवर नारळ आपटायच्या आणि खोबरं लेकरांत वाटून टाकायच्या. भोकरजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्या प्रास्ताविकाची तीन पानं बाकी होती. मुख्याध्यापक असूनही ती मला खिशात घालावी लागली.

त्या उदगीरच्या. मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आणि एसटीनं गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांकडूनही लिहून घ्यायच्या. वर्गात शिरल्याबरोबर मला म्हणाल्या, "सर, तुमाला आफिसात काम असंल की. जा, निवांत चहा प्या." मी दाराआडच थांबलो. आत त्या सांगत होत्या, "लेकरांनो, लई थापा मारा. पण आपापल्या मारा, शेजारच्याची थाप घ्यायची न्हाई. आन खाली तात्पर्य दिसलं, की मी पान फाडते."

तिसरीतल्या रुक्मिणनं विचारलं, "ताई, खरं लिवलं तर चालते का?"

"चालते की. त्याला जरा दम लागतो, एवढंच."

रुक्मिणनं खरं लिहिलं. शाळेचं नवं स्वच्छतागृह आम्ही कुलपात ठेवायचो. लेकरांनी वापरलं तर तपासणीआधी घाण होईल, ही आमची काळजी. तिनं लिहिलं होतं, "ताई आल्या म्हणून सरांनी कुलूप काढलं. ताईच्या मागं मी पण गेले. आत आरसा हाय. ताईनं रोज यावं."

पुढच्या आठवड्यात तपासणीला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांच्या हस्ते मुलांच्या हस्तलिखिताचं प्रकाशन होतं. मी सगळ्या गोष्टी घरी नेल्या, सुधारल्या, वळणदार अक्षरात उतरवल्या आणि प्रत्येकीखाली तात्पर्य लिहिलं. रुक्मिणच्या गोष्टीतलं कुलूप गेलं, स्वच्छतेची परी आली. आमच्या खात्यात याला उपक्रम म्हणतात.

साहेब खूश झाले. पाहुण्या म्हणून सुलभाताईच होत्या. त्यांनी पानं चाळली आणि रुक्मिणला वाचायला उठवलं. दोन ओळी वाचून ती थांबली.

"ताई, ही माझी न्हाई. माझ्यात परी नव्हती, कुलूप होतं."

"कसलं कुलूप?" साहेबांनी विचारलं.

मी हसत म्हणालो, "साहेब, पोरीला थापा मारायची सवय हाय."

सगळे हसले. रुक्मिण खाली बसली.

निघताना ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, गोष्ट बदलली ते एक वेळ समजून घेतलं असतं. पण चार माणसांत लेकराला खोटं पाडलं. तिचा कागद तरी तिला परत द्या."

"हरवला," मी म्हणालो. तो माझ्या टेबलाच्या खणात होता. त्यानंतर त्या आमच्या शाळेत आल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायची हिंमत मला झाली नाही.

दोन वर्षांनी ताई वारल्याचा निरोप उदगीरहून आला. त्या दिवशी मी स्वच्छतागृहाचं कुलूप काढलं ते कायमचं. मग खणातला कागद घेऊन पाचवीच्या वर्गात गेलो आणि रुक्मिणला म्हणालो, "तुझी गोष्ट. खरी होती. खोटं मी बोललो होतो."

तिनं कागद वाचला, नीट घडी घातली आणि मान खाली घालून विचारलं, "सर, ह्यात परी कुठं टाकू?"