हात लावायला मिळेल

आमच्या घरी छापील कागदाला मान होता. बाबा बँकेत होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. स्वयंपाकघरात आम्ही भावंडं ती दुमडायचो. त्यांचा एक नियम होता: पत्रकातली गोष्ट खोटी निघाली, तर ज्या दारांत ते टाकलं त्याच दारांत दुसरं घेऊन जायचं, आणि आपण स्वतः जायचं.

मागच्या थंडीत इथल्या एका सांस्कृतिक संस्थेने मुलांसाठी वाद्यवृंदाची सहकुटुंब मैफल ठरवली. बाहेरगावाहून तीसेक वादक येणार होते. संस्थेच्या सचिवांनी मला पत्रक लिहायला सांगितलं. मी आनंदाने लिहिलं, शहरासाठी हिंदीत आणि आमच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांसाठी मराठीत. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: ‘मैफलीनंतर मुलांना प्रत्येक वाद्य हातात घेऊन पाहता येईल.’ सचिव म्हणाले होते, म्हणून मी लिहिलं. वादकांना विचारलं नाही.

बालाजी घाटाच्या मागच्या गल्ल्यांत मी ते घरोघर वाटलं. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने ते उशाखाली ठेवलं. डबल बास नावाचं वाद्य माणसापेक्षा उंच असतं, हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. तिला त्याची जाड तार एकदा ओढायची होती. एवढंच. आठ दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं.

मैफलीला गल्लीतली सात मुलं घेऊन गेले. पुढच्या चार रांगांवर ‘अतिथि’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मुलांची मैफल, आणि मुलं शेवटच्या रांगेत, मोठ्यांच्या डोक्यांमागे. स्वयंसेवक फिरून सांगत होता, “उंगली होठों पर.”

मग दीपप्रज्वलन. मग वंदना. मग सत्कार. एकेका पाहुण्याला हार, शाल, स्मृतिचिन्ह, आणि प्रत्येकाचा परिचय वेगळा. हार घालून झाला की फोटो, फोटो नीट आला नाही की पुन्हा हार. तोवर तीस वादक मांडीवर वाद्यं घेऊन ताटकळत बसलेले. प्रमुख पाहुणे मुलांवरच्या संस्कारांवर इतकं बोलले की माझ्याबरोबरची दोन मुलं झोपून गेली.

शेवटी वादकांनी सूर जुळवायला घेतले. एकाने स्वर धरला आणि बाकीचे सगळे एकेक करत त्याच्यात येऊन मिसळले. तानपुरा जुळताना ऐकलेली मुलं आमची. त्यांना लगेच कळलं. भाची उभीच राहिली. “आत्या, सगळे एकच सा लावतायत.”

स्वयंसेवकाने तिचा खांदा दाबला. “बैठो, गुड़िया.”

सहा रचनांपैकी तीनच झाल्या. दुसरीच्या मध्येच प्रमुख पाहुणे उठले आणि त्यांच्यामागून दहा जण व्हायोलिनांच्या समोरून, जराही न वाकता, निघून गेले. त्यांना कुणी ओठांवर बोट ठेवायला सांगितलं नाही.

टाळ्या संपल्या आणि वाद्यं पेट्यांत गेली. मी सचिवांना गाठलं.

“मुलं थांबलीयत. हात लावायचं ठरलं होतं.”

“ट्रेन का टाइम हो गया इनका. बच्चों ने सुन तो लिया न, बेटा.”

“पत्रकात छापलंय.”

“अरे, परचे में तो सब लिखते हैं.”

डबल बासची काळी पेटी दोघांनी धरून आमच्या समोरून नेली. भाचीने हात पुढे केला, मग मागे घेतला. आम्ही गल्लीत शिरलो. भाची म्हणाली, “मग तू झूठ का लिहिलंस?”

त्या प्रश्नाने माझ्या रागाला तोंड फुटलं. घरी आल्यावर बसून पत्रक लिहिलं. ‘आयोजकांचा मुजोरपणा’ हे पहिलेच शब्द. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीने त्याच ओळीवर काट मारली.

“आधी तुझं लिही. त्यांचं दुसऱ्या परिच्छेदात.”

“त्यांनी फसवलं, बाबा.”

“फसवलंच. पण दारात तू गेली होतीस.”

मी चिडून, पण लिहिलं. ‘मुलांना वाद्यं हातात मिळतील असं मी खात्री न करता लिहिलं होतं. ती मिळाली नाहीत.’ खाली कारण: सत्कारांनी मुलांचा वेळ खाल्ला. आणि मागणी: याच मुलांसाठी पुन्हा मैफल, पाहुणे आणि हार नकोत, वाद्यं आधी हातात.

पहिली होती तितकीच पत्रकं छापली. भाचीला घेऊन त्याच दारांत गेले. एका बाईंनी सरळ तोंडावर सांगितलं, “पोरगा दोन दिवस रुसून होता हो.” ऐकून घेतलं.

शेवटचं पत्रक सचिवांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“ये बाँट भी दिया?”

“सगळ्या दारांत.”

त्यांनी पत्रक बाजूला सारलं. “देखेंगे. अगले जाड़े में.”

पुढच्या थंडीत म्हटल्यावर भाचीने दप्तरातून पेन काढलं आणि पत्रकाची कोरी बाजू त्यांच्यासमोर केली.

“तारीख लिख दीजिए, अंकल. मेरी बुआ बिना पूछे लिख देती है.”