सुरुवात तिसऱ्या भागापासून

मंडळी, जादूच्या कादंबऱ्यांची पहिली मालिका मुलांना कुठली द्यावी, हे विचारून मी या ग्रुपचं डोकं खाल्लं होतं ना? आज सगळं अंगाशी आलंय.

घोळ मुळात नवऱ्याचा. तो लोट्याला कंपनीत असतो, रविवारी रत्नागिरीला घरी येतो. येताना आमच्या ईरासाठी एका मालिकेचा थेट तिसरा भाग घेऊन आला. वर म्हणे, "सगळ्यात जाडा होता, पुरेल तरी!"

मग आधीचे दोन भाग तो स्वतःच रचून तिला रोज फोनवर सांगायला लागला, कंपनीच्या बसची वाट बघता बघता.

आज मी हौसेने खरा पहिला भाग आणला. ईराने थोडा वाचला नि मिटला.

"आई, यात माडावरचा राक्षस कुठाय?"

"अगं, तो बाबाने मनाने घातलाय."

तिने रडतच फोन लावला. "बाबा, तू खोटं सांगत होतास?"

पलीकडे बसचा हॉर्न ऐकू आला. तो एवढंच म्हणाला, "बस आली गं."

नि फोन ठेवून दिला. आज गोष्ट झालीच नाही.

आता मालिका सुचवू नका. नवऱ्याला पुन्हा गोष्टीसाठी बोलतं कसं करू, तेवढं सांगा.